चारही सिलिंडर कमी

मिस्त्रीचा एक नेम होता. गाडी धूर काढत येवो, लोकांनी ढकलत आणलेली असो, नाहीतर नुसता मागचा दिवा लागत नाही म्हणून आलेली असो, तो आधी तिचं कॉम्प्रेशन बघायचा.

"अहो, वायपर फिरत नाही एवढंच आहे," समोरचा माणूस काकुळतीला येऊन म्हणायचा.

"बघू की. आधी छाती बघू, मग सर्दीचं बघू," असं म्हणून मिस्त्री पाना शोधायला लागायचा. ज्याला घाई असायची तो दुसरीकडे जायचा. ज्याला मिस्त्री माहीत होता तो कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसायचा.

कॉम्प्रेशन बघायचं म्हणजे इंजिनात दम किती उरलाय ते बघायचं. इंजिन गरम करून चारही स्पार्क प्लग काढायचे, ठिणगीची वायर सोडून ठेवायची, एका प्लगच्या भोकात दाब मोजायच्या गेजचं रबरी टोक घट्ट दाबून धरायचं आणि किल्ली फिरवून इंजिन घुमवायचं. सिलिंडर हवा ओढतो, दाबतो, आणि दर ठोक्याला गेजचा काटा वर चढतो. पाच ठोके मोजायचे आणि काटा कुठे थांबला ते वाचायचं. धडधाकट इंजिन दीडशेच्या पुढे जातं. चारातला एखादा शंभरावर अडकला तर त्याचं आत काहीतरी बिनसलंय असं समजायचं. मात्र हे चालू असताना अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल पार तळाला टेकलेलं पाहिजे. नाहीतर हवेची वाट उघडत नाही, आणि नाक दाबून एखाद्याला मोठा श्वास घे म्हणावं तशी सिलिंडरची गत होते.

म्हणून या कामाला दोन माणसं लागतात, एक गेजपाशी आणि एक ड्रायव्हरच्या सीटवर. मिस्त्रीचं दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता, आणि स्वयंपाकघराचं दार थेट गॅरेजात उघडायचं. "अगं, येतेस का?" अशी हाक आली की ती हात पुसत यायची, सीटवर बसायची, मांडीवर वही घ्यायची, एका हातानं किल्ली धरायची आणि उजवा पाय पॅडलवर ठेवायची.

"दाबलंय?" बॉनेटखालून मिस्त्री विचारायचा.

"दाबलंय."

"फिरव."

मग पाच ठोके, मग त्याचा आकडा, मग तिची पेन्सिल. अशी तीस-बत्तीस वर्षं गेली. तिला गाडी चालवता येत नव्हती. कधी कुणी चेष्टा केली तर ती म्हणायची, "गावातल्या अर्ध्या गाड्यांत बसलेय मी ड्रायव्हरच्या जागी. एकही वीतभर पुढे नेली नाही, म्हणून एकही ठोकली नाही."

घोटाळा सुरू झाला तो दातांच्या डॉक्टरच्या गाडीपासून.

डॉक्टर आले होते हॉर्न वाजत नाही म्हणून. नेमाप्रमाणे मिस्त्रीनं गेज लावला. पहिला सिलिंडर शंभर, दुसरा अठ्ठ्याण्णव, तिसरा शंभर, चौथा पंच्याण्णव. मिस्त्री गार पडला. असल्या वेळी दुसरी तपासणी करतात. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. काटा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह गळतायत. त्यानं तेल सोडलं. काटा चढला म्हणावा तर चढला, नाही म्हणावा तर नाही. चारही ठिकाणी पाचदहानं हलला आणि बसला.

"डॉक्टर, इंजिन उघडावं लागेल," तो म्हणाला.

"हॉर्नसाठी?" डॉक्टर म्हणाले. पण स्वतः रोज लोकांना असलंच काहीतरी सांगणारा माणूस, त्यामुळे त्यांनी फार वाद घातला नाही.

मिस्त्रीनं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं आणि आत पाहून खाली बसला. सिलिंडरच्या भिंती स्वच्छ, त्यावरच्या कारखान्यात पाडलेल्या बारीक तिरक्या रेघासुद्धा जागच्या जागी. रिंगा चांगल्या. व्हॉल्व्ह चांगले. पोट फाडावं आणि आतून निरोगी माणूस निघावा तसं झालं. आता उघडलंच आहे म्हणून त्यानं नव्या रिंगा घातल्या, सगळं जोडलं आणि पुन्हा गेज लावला. शंभर, अठ्ठ्याण्णव, शंभर, शंभर. गाडी मात्र वाऱ्यासारखी पळाली. डॉक्टर खूश होऊन गेले. मिस्त्री खूश नव्हता. डॉक्टरांना काय सांगावं ते त्याला कळेना, म्हणून तो काहीच बोलला नाही, आणि ते न बोलणं त्याला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं.

नंतर एक जुनी जीप आली. चारही कमी. मग एका गृहस्थाची जेमतेम दोन वर्षं वापरलेली गाडी आली. तिचेही चारही कमी. आता एखादा सिलिंडर खराब असतो, शेजारशेजारचे दोन असतात. पण चारही भाऊ एकाच दिवशी, सारख्याच तापानं आजारी पडत नाहीत. आणि इथे तर घरोघर चारही भाऊ आजारी पडायला लागले होते.

मिस्त्रीनं आधी गेजवर संशय घेतला. जुना गेज बाजूला ठेवून नवा आणला. नवाही तेच बोलला. मग बॅटरीवर संशय घेतला. बॅटरी थकली की इंजिन सावकाश फिरतं आणि आकडा पडतो. त्यानं भरलेली दुसरी बॅटरी जोडली. इंजिन झोकात फिरलं, काटा होता तिथेच. मग त्याला वाटलं आपलं मनगटच गेलं, रबरी टोक आपण पूर्वीसारखं घट्ट दाबत नाही, तिथून हवा निसटते. म्हणून त्यानं आटे असलेला गेज मागवला, जो प्लगसारखा पिळून बसवला की हाताचा प्रश्नच येत नाही. त्यावरही शंभर. बिचाऱ्यानं शेवटी चष्म्याचा नंबरही तपासून घेतला.

गेजवर, बॅटरीवर, मनगटावर, डोळ्यांवर, सगळ्यांवर त्यानं संशय घेतला. बॉनेटपलीकडून येणाऱ्या "दाबलंय" वर मात्र घेतला नाही. दर वेळी तो विचारायचा आणि दर वेळी तिकडून उत्तर यायचं. आपण श्वास घेतोय की नाही याचा कुणी संशय घेतं का?

हे सगळं नुसत्या कुतूहलाचं असतं तर गोष्ट वेगळी. पण मिस्त्रीनं मागे एकदा तोंडातून शब्द काढून ठेवला होता. त्यांची लेक दुसऱ्या गावी राहायची. तिनं आईबाबांसाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती आणि दर रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद असायचं, की आता पुरे झालं, इकडे या. मिस्त्री एकदा वैतागून म्हणाला होता, "ज्या दिवशी माझं निदान चुकेल त्या दिवशी शटर ओढीन आणि येईन. तोवर विषय नको." लेकीनं तो शब्द पदराला बांधून ठेवला. आता दर रविवारी ती विचारायची, "काय बाबा, निदान ठीक ना?" आणि मिस्त्री म्हणायचा, "ठीक." अलीकडे तो हे म्हणताना भिंतीकडे बघायचा.

अशात शेजारच्या टेलरमास्तरांची गाडी आली. टेलरमास्तरांचं दुकान गॅरेजला लागून. जुनी, लांबट, मागे कपड्यांचे गठ्ठे मावणारी गाडी. हा माणूस दिवसभर मशीन चालवता चालवता तोंडही चालवायचा.

"मिस्त्री, चढावर दमते बघा. परवा एक म्हातारा सायकलवरून मला मागे टाकून गेला. वर थांबून माझी वाट बघत होता."

"कॉम्प्रेशन बघू."

"बघणारच तुम्ही. तुमच्याकडे माणूस नुसतं पत्ता विचारायला आला तरी त्याचं कॉम्प्रेशन बघाल."

पहिला पंच्याण्णव. दुसरा नव्वद. तिसरा पंच्याण्णव. चौथा पंच्याण्णव. बायकोनं चारही आकडे वहीत लिहिले आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"काय निघालं?" टेलरमास्तरांनी विचारलं.

"उद्या सांगतो," मिस्त्री म्हणाला.

"आत्ता काय झालं सांगायला?"

"उद्या सांगतो म्हटलं ना."

त्या दुपारी मिस्त्री जेवायला बसला आणि घास तसाच हातात धरून राहिला. बायको म्हणाली, "जेवा. गाडी पळून जात नाही."

"ऐक. मास्तरांचं इंजिन उद्या उघडतो. आत खराब निघालं तर माझं डोकं ठिकाणावर आहे. आणि चांगलं निघालं तर रविवारी लेकीला हो म्हणतो."

तिनं ताकाची वाटी त्याच्या पुढ्यात सरकवली. तिला इथून जायचं नव्हतं. लेकीच्या घरात तिला करायला काही नव्हतं, आणि इथे निदान दिवसातून दोनदा हाक यायची. पण नवरा गेले दोन महिने मधेच थांबतो, चहा निवेपर्यंत बघत बसतो, आणि इंजिनांशी पुटपुटतो, हेही ती बघत होती. म्हातारपण आधी कुणाच्या डोक्यात शिरेल आणि कुणाच्या गुडघ्यात, ते काय सांगावं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं हेड उतरवण्यासाठी पाने मांडले. मांडले आणि थांबला. हेड उतरवण्याआधी शेवटचं एकदा मोजावं असं त्याच्या मनात आलं. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं हाक मारली. बायको आत भाजी चिरत होती, "आले, जरा थांबा," म्हणाली. टेलरमास्तर मात्र गाडीचं काय होतंय ते बघायला दारातच उभे होते.

"त्यांना कशाला उठवता? मी बसतो की. पॅडल दाबण्यातच जन्म गेला माझा," ते म्हणाले आणि सीटवर बसले.

"तळाला टेकवा. दाबलंय?"

"मिस्त्री, खालून रस्ता दिसायला लागला."

"फिरवा."

पाच ठोके झाले. मिस्त्रीनं गेजकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. एकशे पंचावन्न.

"परत फिरवा." एकशे पंचावन्न. दुसरा सिलिंडर, एकशे पन्नास. तिसरा, चौथा, सगळे दीडशेच्या पुढे.

"काय हो, बरी झाली?" टेलरमास्तर सीटवरून म्हणाले.

"काल नव्वद होतं."

"मालक बसला म्हणून छाती फुगवली तिनं."

मिस्त्री हसला नाही. एवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली. "उठा मास्तर, तुमचं काम नव्हे ते," ती म्हणाली, आणि ते उठल्यावर सीटवर बसली.

"दाबलंय?"

"दाबलंय."

"फिरव."

नव्वद.

आता मिस्त्रीच्या डोक्याचं पार भजं झालं. तीच गाडी, तोच गेज, तीच बॅटरी. मास्तरांनी किल्ली जास्त वेळ धरली का? नाही, ठोके त्यानंच मोजले होते. इंजिन मधेच थंड झालं का? एवढ्यात कसं होईल? टेलरमास्तर म्हणाले, "वहिनी, गाडीला तुमची भीती वाटते बघा, श्वास रोखून धरते," आणि बायकोही हसली. मिस्त्री गेज हातात धरून बॉनेटला वळसा घालून निघाला. सीटच्या दारापाशी आला. इतक्या वर्षांत मोजणी चालू असताना तो या बाजूला कधी आलाच नव्हता. त्याची जागा तिकडे होती.

"दाब बघू," तो म्हणाला.

"दाबलंय की," ती समोर बघत म्हणाली.

मिस्त्रीनं खाली पाहिलं. तिचा पाय पॅडलवर नव्हता. टाच सरकून उजवीकडे गेली होती, पंजा पॅडलच्या शेजारी गाडीच्या फरशीवर होता, आणि करंगळीकडची कड तेवढी पॅडलला अडकून ते थोडंसं खाली गेलं होतं. पण दाब मात्र होता. पोटरी ताठ झाली होती, घोट्याची शीर वर आली होती. ती जीव लावून फरशी दाबत होती.

त्यानं गुडघे टेकले. तिची चप्पल काढली. चपलेत वाळूएवढा नव्हे, चांगला हरभऱ्याएवढा खडा होता, आणि तळव्यावर त्याची लाल खूण उमटली होती. मिस्त्रीनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्याचं टोक तिच्या अंगठ्याखाली हलकेच टेकवलं.

"कळतंय का?"

"काय?" ती म्हणाली. ती अजून समोरच बघत होती.

त्यानं जरा जोरात टेकवलं. "आता?"

"अहो, काय करताय खाली? मास्तर बघतायत."

टेलरमास्तर बघत होते. ते दोन पावलं पुढे आले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्या कारागिराचं असं झालं होतं. मशीन थांबलंय हे त्याला कळायचं नाही. डॉक्टरकडे जा," आणि आपल्या दुकानात निघून गेले. या माणसानं इतक्या कमी शब्दांत एखादी गोष्ट संपवलेली त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

"कधीपासून?" मिस्त्रीनं विचारलं.

"झोपल्यासारखा वाटतो खरा. हिवाळ्यापासून असेल. वयाचं आहे म्हटलं."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? चालता येतंय. आणि दाबता तर येतंयच," ती म्हणाली. मग तिनं पहिल्यांदा खाली पाहिलं. स्वतःचा पाय कुठे आहे ते तिनं बराच वेळ पाहिलं, परक्याची वस्तू बघावी तसं. मग मांडीवरची वही उचलली आणि पानं उलटायला लागली. मास्तरांची गाडी, दोन वर्षांची गाडी, जीप, दातांचे डॉक्टर. "म्हणजे हे सगळे..."

"राहू दे."

"म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर आहे."

"आहे म्हणायचं का, तेच कळत नाही," मिस्त्री म्हणाला. बॅटरी बदलली, गेज बदलले, चष्मा तपासला. मनगट हलवून हलवून पाहिलं. रोज समोर वाढणारी, रोज बरोबर बसणारी बाई एका पायानं अधू होत गेली आणि ते सांगायला टेलर लागला. याला निदान बरोबर आलं म्हणायचं की चुकलं, याचा त्याला काही केल्या उलगडा होईना.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर निघाली असं सांगितलं. पायाच्या नसा दुखावल्या होत्या. गोळ्या दिल्या, पथ्य दिलं, आणि अनवाणी फिरायचं नाही, रोज तळवे तपासायचे, असं बजावलं. गेलेली जाणीव परत येईल का, यावर डॉक्टर "बघू" म्हणाले. हा शब्द मिस्त्रीच्या चांगल्या ओळखीचा होता, म्हणून त्यानं पुढे विचारलं नाही. परतताना ती दोघं दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरली. मिस्त्रीनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं, की इंजिन उघडायची गरज नव्हती, चूक आमची. डॉक्टर ऐकत राहिले आणि म्हणाले, "पण मिस्त्री, गाडी तेव्हापासून फार छान चालते हो." मिस्त्रीनं हात जोडले आणि दोघं बाहेर पडली. मास्तरांच्या गाडीच्या मागच्या चाकाचा ब्रेक चिकटलेला निघाला. अर्ध्या तासाचं काम होतं.

रविवारी लेकीचा फोन आला. बायको भाजी निवडता निवडता कान देऊन होती. "निदान ठीक ना?" लेकीनं विचारलं.

मिस्त्रीनं या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही. त्यानं पायाचं सांगितलं, साखरेचं सांगितलं. तिकडून रडारड झाली, मग बोलणी बसली, मग निर्वाणीचा प्रश्न आला, की आता तरी येणार का. मिस्त्रीनं फोनवर हात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "काय सांगू?"

"मला काय विचारता? शब्द तुम्ही दिला होता."

"चुकलं की नाही तेच ठरत नाही माझं."

तिनं निवडलेली भाजी एका बाजूला केली. "मला आकडे वाचता येतात," ती म्हणाली. "इतकी वर्षं लिहितेय. गेज पिळायला पाय लागत नाही. तुमचे पाय चांगले आहेत, तुम्ही बसा आत."

मिस्त्रीनं फोनवरचा हात काढला. मग फोनमध्ये म्हणाला, "अजून थोडे दिवस बघतो." लेकीनं फोन ठेवला तो जरा जोरातच.

चार दिवसांनी एक भाडोत्री गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला गिअर अडकतो. मिस्त्री म्हणाला, "कॉम्प्रेशन बघू," आणि म्हणता म्हणता अडखळला, कारण बायको गेज घेऊन बॉनेटपाशी उभी होती. पायात नवे बंद बूट, कानामागे पेन्सिल. मिस्त्री सीटवर बसला. समोर बॉनेटचा उघडा पत्रा, त्यापलीकडे काय चाललंय ते काही दिसेना. गेज नीट पिळला असेल का? आटे तिरपे तर गेले नसतील? उठून बघावं का? पण उठलं तर पाय सुटणार.

"दाबलंय?" पलीकडून आवाज आला.

"दाबलंय," तो म्हणाला, आणि आपला आवाज त्याला कसातरीच वाटला.

"फिरवा."

पहिला एकशे पंचेचाळीस. दुसरा एकशे चाळीस. मग तिसऱ्याची पाळी आली.

"अहो, परत फिरवा. तिसरा साठ दाखवतोय."

"साठ? नीट बघ."

"नीटच बघतेय. साठ. तुम्ही नीट दाबा."

मिस्त्रीनं मान वाकवून खाली पाहिलं. पाय पॅडलवर होता. पॅडल तळाला टेकलेलं होतं. तरी खात्री वाटेना, म्हणून त्यानं खाली हात घालून बोटांनी चाचपून पाहिलं. पॅडल आणि फरशी यांच्यात नखसुद्धा शिरत नव्हतं.

त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. पाच ठोके झाले.

"साठ," ती म्हणाली.

"आता चमचाभर तेल सोड," मिस्त्री म्हणाला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या ड्रायव्हरला काही कळेना, की एक सिलिंडर बिघडलेला निघाला आणि या म्हाताऱ्याचं तोंड असं उजळलंय कशानं.